वह्यांत उरलेले व्हाइटहेड

नोकरीला लागलो तेव्हा माझी पहिली नेमणूक रेकॉर्ड रूममध्ये झाली. कुठली फाइल किती वर्षे सांभाळायची आणि कुठली कधी नष्ट करायची याची सरकारात एक छापील यादी असते. त्या यादीप्रमाणे मुदत संपलेल्या फायली वेगळ्या काढायच्या, वरिष्ठांची सही घ्यायची, नोंदवहीत शेरा मारायचा आणि गठ्ठे बाहेर पाठवायचे. सुरुवातीला वाईट वाटायचे. कुणाची तरी पेन्शन, कुणाच्या तरी जमिनीचा तंटा, कुणाचे तरी हातापाया पडणे त्या कागदांत असायचे. पुढे सवय झाली. कागद नष्ट करणे हेही एक कामच आहे, हे मी शिकलो.

हे आज आठवायचे कारण असे की, गेल्या पावसाळ्यात आमचे तत्त्वज्ञानाचे सर वारले. शोकसभेला जेमतेम पंचवीस माणसे होती. बोलणारा प्रत्येक जण शेवटी एकाच वाक्यावर यायचा, ‘सरांनी काही लिहून ठेवले नाही हो!’ सभा संपल्यावर काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, मला बाजूला घेऊन विचारले, ‘तू वर्गात सारखा लिहीत असायचास म्हणे. तुझ्याकडे त्यांचे काही आहे का रे?’

होते. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाची एक दोनशे पानी वही. त्या वहीकडे येण्याआधी तिच्यात काय आहे ते सांगायला हवे, आणि त्यासाठी थोडे लांब, अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात जायला हवे.

अभ्यासक्रमात आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड यांच्या नावावर एकच ओळ होती. सरांनी त्या एका ओळीला सहा आठवडे दिले. या विचाराला प्रोसेस फिलॉसॉफी म्हणतात, मराठीत प्रक्रियावादी तत्त्वज्ञान म्हणता येईल. त्याचे सार सर असे सांगायचे: आपण समजतो की जग वस्तूंचे बनलेले आहे आणि त्या वस्तूंच्या बाबतीत मधूनमधून काहीतरी घडते. व्हाइटहेड म्हणतात, हे उलटे आहे. जग घडण्याचेच बनलेले आहे. आपण ज्याला वस्तू म्हणतो ती म्हणजे एकामागून एक घडलेल्या क्षणिक घटनांची लांब रांग. प्रत्येक घटना आपल्या आधीच्या घटनांना पोटात घेते, त्यातून स्वतः आकाराला येते आणि संपते. पण संपली म्हणजे वाया गेली असे नाही. पुढे घडणाऱ्या प्रत्येक घटनेला तिची दखल घ्यावी लागते. अनेक गोष्टी मिळून एक नवी गोष्ट होण्याच्या या क्रियेला व्हाइटहेड ‘कॉन्क्रेसन्स’ म्हणतात. सर म्हणायचे, ‘रात्री दुधाला विरजण लावता ना, तसे. सकाळी दूधही नसते आणि विरजणही नसते. पण दही काही आभाळातून पडलेले नसते.’

त्यांची वर्गातली एक सूचना अजून कानात आहे. ‘लिहून घ्या, पण पेन्सिलीने. उद्या मी बदलेन.’

आता हा विचार मांडणारा माणूस कोण, ते पाहू. व्हाइटहेड यांचा जन्म 1861 चा, इंग्लंडमधला. आयुष्याचा मोठा भाग गणितात गेला. केंब्रिजला शिकवत असताना आपला विद्यार्थी बर्ट्रांड रसेल याच्याबरोबर त्यांनी ‘प्रिंकिपिया मॅथेमॅटिका’चे तीन खंड लिहिले, ते 1910 ते 1913 या काळात निघाले. पुढे लंडनच्या इंपीरियल कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक होते. पहिल्या महायुद्धात, 1918 साली, त्यांचा धाकटा मुलगा एरिक वैमानिक म्हणून लढताना मारला गेला. 1919 साली निघालेले निसर्गविज्ञानाच्या तत्त्वांवरचे पुस्तक त्यांनी त्याच्या स्मृतीला वाहिले. काहीच पूर्णपणे नाहीसे होत नाही, असे पुढे सांगणाऱ्या माणसाच्या घरात हे घडून गेले होते. त्याचा संबंध लावायचा की नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे.

1924 साली, वयाच्या 63 व्या वर्षी, त्यांना हार्वर्डहून तत्त्वज्ञान शिकवायचे बोलावणे आले. पाच वर्षांसाठी. आपल्याकडे या वयाला माणूस पेन्शनच्या कागदांत गुंतलेला असतो. व्हाइटहेड बायकोसह बोटीने अमेरिकेला गेले आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरात त्यांनी वर्ग सुरू केला. आपण ऐकलेले तत्त्वज्ञानाचे पहिले व्याख्यान आपण स्वतःच दिलेले होते, असे ते गमतीने म्हणत, असे सांगतात. पाचाची तेरा वर्षे झाली. 1937 साली ते निवृत्त झाले.

त्या पहिल्या वर्षाच्या वर्गात कोण बसले होते ते पाहण्यासारखे आहे. विल्यम अर्नेस्ट हॉकिंग हे स्वतः त्याच विभागातले नामवंत प्राध्यापक, पण वही घेऊन व्याख्यानांना बसत. विन्थ्रॉप बेल हे कॅनडाचे. जर्मनीत हुसर्ल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेटचे काम केलेले, पहिल्या महायुद्धात तिथेच नजरकैदेत पडलेले, आणि आता हार्वर्डला शिकवत होते. तेही वही घेऊन बसत. मुलींना तेव्हा हार्वर्डच्या वर्गात प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठी शेजारी रॅडक्लिफ कॉलेज होते आणि हार्वर्डचे प्राध्यापक तिथे जाऊन वेगळे शिकवत. तिथे लुईझ हीथ नावाची विद्यार्थिनी टिपणे घेत होती.

व्हाइटहेड तयार विचार घेऊन आले होते आणि ते त्यांनी वाचून दाखवले, असे झाले नाही. त्यांचा मोठा ग्रंथ ‘प्रोसेस अँड रिअॅलिटी’ 1929 साली निघाला. पहिल्या वर्षीच्या वर्गात तो विचार अजून घडत होता. लुईस फोर्ड या अभ्यासकाने 1984 साली एक जाडजूड पुस्तक लिहून असे मांडले की, काळ हा सलग प्रवाह नसून तुटक तुटक घटनांचा आहे, ही व्हाइटहेड यांची कळीची कल्पना 1925 च्या वसंतात, वर्ग चालू असतानाच त्यांना सुचली. आणि या मांडणीला आधार कसला, तर हॉकिंग यांच्या टिपणांचा! फोर्ड यांच्या तारखा सगळ्यांना पटलेल्या नाहीत, त्यावर वाद झाले. पण एक गोष्ट उरतेच. बाकावर बसलेल्या माणसाने त्या दिवशी काय लिहून घेतले यावर तत्त्वज्ञानाच्या इतिहासातला एक प्रश्न अवलंबून राहिला.

हा अभ्यास सोपा कधीच नव्हता. ‘प्रोसेस अँड रिअॅलिटी’चा पाया म्हणजे 1928 साली एडिंबरोला दिलेली गिफर्ड व्याख्याने. पहिल्या व्याख्यानाला सभागृह भरले होते आणि पुढच्यांना जेमतेम पाचसहा माणसे उरली, अशी आठवण सांगतात. त्यात ग्रंथाची मुद्रिते व्हाइटहेड यांनी नीट तपासली नाहीत. न्यूयॉर्कची आवृत्ती वेगळी, इंग्लंडची वेगळी, आणि दोन्हीत चुका. शेकडो चुका दुरुस्त केलेली प्रत डेव्हिड रे ग्रिफिन आणि डॉनल्ड शेरबर्न यांनी 1978 साली काढली. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे विद्यार्थी एका अवघड ग्रंथाची चुकीची प्रत समोर ठेवून झगडत होते. कळले नाही तर दोष आपला की छापखान्याचा, हेही समजायला मार्ग नव्हता!

आता आपल्या गोव्याकडे येतो. हा संबंध मी ओढूनताणून आणलेला नाही.

सांकवाळला 1876 साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी आपल्याला ठाऊक आहेत. ‘बालबोध’ मासिकातला बुद्धावरचा एक लेख वाचून या माणसाच्या मनाने जी ओढ घेतली, ती त्याला पुणे, काशी, नेपाळ, सिंहल आणि ब्रह्मदेशापर्यंत घेऊन गेली. शाळेचे शिक्षण जवळजवळ नाहीच. हार्वर्डमधले जेम्स हॉटन वूड्स हे भारतीय दर्शनांचे अभ्यासक, पातंजल योगसूत्रांचे भाषांतरकार. त्यांच्या बोलावण्यावरून धर्मानंद 1910 साली हार्वर्डला गेले. काम होते बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाचव्या शतकातल्या पाली ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती. हेन्री क्लार्क वॉरन हे काम अर्धवट टाकून 1899 साली वारले होते. पहिल्या फेरीत श्रेयावरून मतभेद झाले आणि 1912 साली धर्मानंद परत आले. तरी त्या कामासाठी ते पुन्हा गेले. एकूण चार वेळा. त्यांतली तिसरी खेप 1926-27 ची.

आणि 1924 साली व्हाइटहेड यांना हार्वर्डला आणण्यात पुढाकार कुणाचा होता? तत्त्वज्ञान विभागाचे प्रमुख म्हणून याच वूड्स यांचा. ज्या माणसाने सांकवाळच्या धर्मानंदांना बोलावले, त्याच माणसाने चौदा वर्षांनी व्हाइटहेड यांनाही बोलावले. 1926-27 या वर्षी ते दोघेही एकाच विद्यापीठात काम करीत होते. धर्मानंदांची मुलगी माणिक त्याआधी रॅडक्लिफला शिकून गेली होती, आणि मुलगा दामोदर, म्हणजे पुढचे थोर गणिती व इतिहासकार डी. डी. कोसंबी, हार्वर्डचा विद्यार्थी होता. तो 1929 साली पदवीधर झाला, ‘प्रोसेस अँड रिअॅलिटी’ निघाले त्याच वर्षी.

या दोघांची भेट झाली असे मी म्हणत नाही. मला वाटते ते वेगळेच आहे. विसुद्धिमग्गात एक दृष्टांत आहे. रथाचे चाक फिरताना जमिनीला एकाच बिंदूवर टेकते आणि थांबले तरी एकाच बिंदूवर टेकलेले असते. तसेच प्राण्याचे जिणे म्हणजे एका चित्तक्षणाएवढेच. क्षण संपला की ते संपले. एका खोलीत धर्मानंद या ग्रंथाचे पाठभेद लावत होते, आणि त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या खोलीत व्हाइटहेड विद्यार्थ्यांना सांगत होते की जग क्षणिक घटनांचे आहे. दोन्ही विचार एकच, असे मात्र समजू नये. बुद्धघोषाला क्षण दाखवायचा आहे तो आसक्ती सुटावी म्हणून. व्हाइटहेड यांना तो दाखवायचा आहे तो गेलेल्याचे मोल पुढे टिकते हे सांगण्यासाठी. एक सोडायला शिकवतो, दुसरा काय शिल्लक राहिले ते मोजायला. सरांनी हा फरक आम्हांला फळ्यावर दोन रकाने करून सांगितला होता. गोव्यातल्या कॉलेजात व्हाइटहेड कशाला, असे विचारणाऱ्या एका मुलाला ते म्हणाले होते, ‘सांकवाळचा माणूस तिथे जाऊन बसला होता बाबा, आपण निदान डोकावून तरी पाहू.’

धर्मानंद 4 जून 1947 रोजी सेवाग्रामला गेले. व्हाइटहेड त्याच वर्षी 30 डिसेंबरला. हार्वर्डची विसुद्धिमग्गाची आवृत्ती 1950 साली निघाली. ती पाहायला धर्मानंद नव्हते, आणि वूड्सही नव्हते.

व्हाइटहेड यांच्या हाताखालून गेलेले विद्यार्थी कोण झाले, तेही सांगतो. क्वाइन यांनी 1932 साली त्यांच्याकडे डॉक्टरेट केली आणि पुढे ते तर्कशास्त्राच्या अगदी वेगळ्या वाटेने गेले. सुझन लँगर यांनी रॅडक्लिफमधून 1926 साली डॉक्टरेट घेतली. 1942 साली निघालेले, प्रतीकांवर आणि कलांवर विचार करणारे त्यांचे गाजलेले पुस्तक व्हाइटहेड यांनाच अर्पण केलेले आहे. पॉल वाइस यांनी स्वतःचे दर्शन उभे केले. गुरूचे शब्द तसेच्या तसे गिरवत बसलेला यांत कुणी नाही. चार्ल्स हार्टशॉर्न यांची तर गंमतच. त्यांची डॉक्टरेट व्हाइटहेड येण्याच्या आदल्याच वर्षी झाली होती. परत आले ते व्हाइटहेड यांच्या वर्गाचे पेपर तपासायला! ते तपासता तपासता तो विचार त्यांचा झाला. 1928 पासून शिकागोला त्यांनी तो शिकवला. पक्ष्यांच्या गाण्यावरही त्यांनी पुस्तक लिहिले. 2000 साली, 103 वर्षांचे होऊन ते वारले.

शिकागोला हार्टशॉर्न यांच्याकडे शिकलेले जॉन कॉब हे मिशनरी आईबापांचे, जपानात जन्मलेले. त्यांनी कॅलिफोर्नियातल्या क्लेरमाँटला या अभ्यासाचे घर केले. 1971 साली ‘प्रोसेस स्टडीज’ हे नियतकालिक निघाले, 1973 साली ग्रिफिन यांच्याबरोबर अभ्यासकेंद्र सुरू झाले. मोठ्या विद्यापीठांचे तत्त्वज्ञान विभाग भाषेच्या आणि तर्काच्या विश्लेषणाकडे वळले होते, तेव्हा हा विचार टिकला तो बराचसा धर्मशास्त्र शिकवणाऱ्या विभागांत. कॉब यांनी तो पुढे पर्यावरणाच्या प्रश्नाला लावला. 2024 च्या डिसेंबरात, शंभरीला काही आठवडे बाकी असताना, ते गेले.

आता मुख्य गोष्ट. व्हाइटहेड यांची इच्छा होती की आपल्यामागे आपले अप्रकाशित कागद ठेवू नयेत. त्यांच्या पत्नी एव्हलिन यांनी ती पाळली. हस्तलिखिते, पत्रे, टिपणे, बहुतेक सगळे नष्ट झाले. मी रेकॉर्ड रूममधला माणूस, मला हे वाचताना विशेष लागले. आमच्याकडे निदान नोंदवहीत शेरा तरी असतो.

मग उरले काय? छापलेली पुस्तके, आणि विद्यार्थ्यांच्या वह्या. बेल यांचे कागद कॅनडातल्या माउंट अॅलिसन विद्यापीठात होते. तिथलेच प्राध्यापक पॉल बोगार्ड आणि जेसन बेल यांनी विन्थ्रॉप बेल, हॉकिंग आणि लुईझ हीथ यांची टिपणे संपादून 1924-25 च्या व्याख्यानांचा खंड 2017 साली प्रसिद्ध केला. पुढच्या दोन वर्षांचा खंड 2021 साली आला. मास्तरांनी आपले कागद नष्ट करवले, आणि सत्तर वर्षांनी त्यांचा वर्ग पुन्हा उभा राहिला तो बाकावरच्यांच्या हस्ताक्षरात. आपल्या भाषेला हे नवे नाही. चक्रधरांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही, म्हाइंभटांनी ज्याच्या त्याच्याकडून आठवणी गोळा केल्या आणि लीळाचरित्र झाले.

पण वही म्हणजे मास्तर नव्हेत. एकाने जे लिहिले ते दुसऱ्याने गाळलेले असते. ज्याला जे महत्त्वाचे वाटले, किंवा जे झटकन लिहिता आले, तेवढेच उतरते. व्हाइटहेड यांनी एका चुकीला नाव देऊन ठेवले आहे: आपण काढलेला सारांश हीच खरी वस्तू, असे समजण्याची चूक. आम्हां कारकुनांना ती रोज होते. फाइलीतल्या अर्जदाराशी इतका परिचय होतो की खिडकीशी उभा असलेला माणूस परका वाटतो.

हे सगळे मी वाचले ते एम.ए.च्या निमित्ताने. बी.ए.नंतर एम.ए.ला नाव घातले होते, पण बाबांना पक्षाघात झाला आणि पहिल्याच वर्षी सोडून नोकरी धरली. वीस वर्षांनी, दोन वर्षांमागे, बहिःस्थ विद्यार्थी म्हणून पुन्हा नाव घातले. लघुप्रबंधाला विषय घेतला व्हाइटहेड. कचेरीतला मित्र म्हणाला, ‘यात बढतीचा काय संबंध?’ काहीच नाही, म्हटले. रात्री जेवणे झाली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन तास बसतो. दोन तासांत कधी चार पाने होतात, कधी एक परिच्छेद. सरांना दाखवायचे होते. ‘आधी पुरे कर, मग ये,’ असे ते फोनवर म्हणाले होते. मी पुरे करत बसलो.

शोकसभेहून आलो त्या रात्री माळ्यावरून वही काढली. गोव्यातले वीस पावसाळे तिने खाल्लेले. मागची साठेक पाने वाळवीने नेली होती. बाकीच्या पानांना बुरशीचा वास होता, पण अक्षरे शाबूत होती. शाई असती तर ओलीने पसरली असती. पेन्सिल टिकली.

तीन महिने बसून ती उतरून काढली. शेवटच्या पाठाच्या पानावर मी ठळक लिहून ठेवले होते: ‘जे संपते ते वाया जात नाही.’ खाली दोन रेघा. हे वाक्य मी गेली वीस वर्षे सरांचे म्हणून मनात बाळगले आहे. बाबा गेले तेव्हा स्वतःला हेच सांगितले होते.

मग वाटले, हार्वर्डची तरी तीन माणसांची टिपणे होती, आपली एकट्याचीच. वर्गात आम्ही सात जण होतो. शोधता शोधता एक मैत्रीण सापडली, आता वास्कोला बँकेत आहे. तिच्या माहेरी तिची वही होती, नीट कव्हर घातलेली. ती घेऊन आली. तोच दिवस, तोच पाठ. तेच वाक्य तिनेही लिहिले होते. पण पुढे आणखी एक ओळ होती, जी माझ्या वहीत नाही: ‘सर म्हणाले, असे व्हाइटहेड म्हणतात, मला स्वतःला खात्री नाही.’

बराच वेळ मी ती ओळ पाहत राहिलो. मी त्या वेळी काय करत होतो? बहुधा दोन रेघा ओढत होतो.

दोन्ही वह्या उतरून, कुठली ओळ कुणाच्या वहीतली ते समासात लिहून, गेल्या रविवारी काकूंना नेऊन दिल्या. वाळवीने नेलेल्या पानांच्या जागी तशी नोंद केली आहे. काकूंनी चष्मा लावला आणि शेवटचे पान आधी उघडले. ती ओळ वाचून हसल्या. म्हणाल्या, ‘हे मात्र त्यांचेच.’

लघुप्रबंध मार्चमध्ये द्यायचा आहे. शेवटचे प्रकरण पुन्हा लिहायला घेतले आहे.